पुंजारामच्या ॲम्प्लिफायरची घूंऽऽ

लग्न होऊन दिवाळी उलटली, तरी सरूबाई नवऱ्याशी कामापुरतंच बोलायची. "चहा ठेवू?" "ठेव." संपलं. अजिंठ्याची पोर बजाजनगरच्या एका खोलीत येऊन पडली होती; दुपारभर खिडकीशी उभी राहून रस्त्याकडं बघायची. पुंजाराम कंपनीत फिटर. कुठल्याही मशीनचं दुखणं तो आवाजावरून ओळखायचा. पण बायको आवाजच करीना, तिथं त्याची विद्या संपायची.

शेवटी त्यानं ठरवलं, घरात गाणी वाजली पाहिजेत. गाण्यानं माणूस मोकळं होतं (हे त्याला शेजारच्या कडूबानं सांगितलं होतं, कडूबाची बायको तर इतकी मोकळी झाली की तिनं थेट माहेर गाठलं). साधा टेप पुरला असता. पण फिटर माणूस साधं कसं करणार? शहरातून सुटे भाग आणून त्यानं स्वतः ॲम्प्लिफायर जोडला, दोन थोराड स्पीकर भिंतीशी उभे केले, डेकमध्ये कॅसेट घातली आणि बटण दाबलं.

"घूंऽऽऽ..."

गाणं होतं, पण विहिरीत पडलेल्या माणसानं म्हणावं तसं. वर नुसती घूं.

सरूबाई पोळपाट सोडून उठली आणि स्पीकरजवळ येऊन बसली. "बिघडलं व्हय?"

"किरकोळ हाय. आत्ता काढतो."

ते किरकोळ काही निघेना. ड्यूटीवरून आला की पुंजाराम ॲम्प्लिफायर खोलून बसायचा. वायरी बदलल्या, ट्रान्सफॉर्मर फिरवून बसवला, कंडेन्सर नवे टाकले. घूं कायम. पण गंमत अशी, की सरूबाई रोज शेजारी येऊन बसायला लागली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. भिंतीला डोकं टेकून डोळे मिटायची. एकदा तर आपण होऊन म्हणाली, "सावकाश करा. घाई नाय."

पुंजारामच्या अंगावरून मोरपीस फिरलं. बाईला आपल्या हातातली कला कळली! आता तर हे दुरुस्त करून दाखवलंच पाहिजे.

एका रविवारी त्याचं बोट ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला लागलं आणि घूं थांबली. बोट काढलं, सुरू. "अर्थिंग!" तो ओरडला. घरमालकानं बोर्डाला तिसरं भोक ठेवलं होतं, पण त्यामागं वायरच नव्हती. पुंजारामनं मोरीमागच्या ओल्या मातीत खड्डा केला, कोळसा आणि मीठ घातलं (सरूबाईची अख्खी बरणी), सळई ठोकली, तिची वायर आणून पत्र्याला आवळली. बटण दाबलं. काय स्वच्छ आवाज! गाणाऱ्या बाईनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता.

त्यानं ऐटीत वळून पाहिलं. सरूबाई ओट्याशी पाठ फिरवून उभी. पदर डोळ्याला.

"काय झालं? चांगलं वाजतंय की."

"व्हय. वाजतंय."

"मग?"

"आबांची गिरणी बंद केली तुम्ही."

पुंजारामला काहीच कळेना. मग ती बोलायला लागली, आणि लग्नापासूनचं सगळं साठलेलं बोलली. तिच्या वडलांची पिठाची गिरणी घराला लागूनच. भिंतीपलीकडं मोटर दिवसभर घुमायची. त्या भिंतीला टेकून ती दुपारी झोपायची. इथं आल्यापासून भिंती नुसत्या मुक्या. "आन् तुमचं यंत्र बोललं, तवा वाटलं, आबा पलीकडं दळायलेत."

पुंजारामनं वळून ॲम्प्लिफायर पुढं ओढला. मग त्यानं पक्कड घेतली, अर्थिंगची वायर सोडली आणि कॅसेट काढून ठेवली.

"घूंऽऽऽ..."

सरूबाई येऊन बसली. "जरा मोठं करा." त्यानं केलं. तिनं त्याच्या खांद्याला डोकं टेकलं. एवढी खटपट करून शेवटी यंत्र बिघडवायचीच कारागिरी कामी आली, हे पुंजारामला खुपलं. पण खांदा त्यानं तसूभर हलवला नाही.

तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या दगडाबाई, काखेत ज्वारीचा डबा. "बरं झालं बाबा, घरातच गिरणी टाकली. लांब जायचं लई जिवावर येतं. दळण कवा मिळंल?"

हा ॲम्प्लिफायर आहे, तोही स्टिरिओ, हे सांगायला पुंजारामनं तोंड उघडलं. पण मागून सरूबाई म्हणाली, "पट्टा तुटलाय, मावशी. उद्या या." आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसली.

पुंजाराम तिच्याकडं बघतच राहिला. मग नकळत वाकून पट्टा शोधायला लागला.