पंचावन्न कलाकारांचा खेळ

बंद पडलेली वस्तू चालू करणारा माझ्यासारखा माणूस अख्ख्या वडसा गावात नाही! हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. म्हणून चामोर्शीच्या एका बंद पडलेल्या व्हिडिओ गेमच्या दुकानातून माणसाएवढं उंच लाकडी खोकं उचलून आणलं, तेव्हा बायकोला, म्हणजे पुनमला, छातीठोकपणे सांगितलं की आठ दिवसांत हे बोलायला लागेल. लागलं की! जाड काचेची पिक्चर ट्यूब, पुढे लाल बोंडाची दांडी, शेजारी गोळी मारायचं बटण, खाली नाणं टाकायची फट. नाणं जुनंच लागतं, नवं टाकलं तर सरळ खालून बाहेर येतं. आणि चित्र घसरायला लागलं की उजव्या अंगाला एक थाप द्यायची.

खेळ साधा. वरून परग्रहावरच्या किड्यांची पलटण उतरते आणि खालून आपलं एकटं विमान त्यांना टिपत राहतं. शाळेत असताना मी एका नाण्यात तासभर खेळायचो. पुनम म्हणाली, आता तासभर नुसतं उभं राहून दाखवा. मी लक्ष दिलं नाही.

घोळ झाला तो दुकानावरच्या बोर्डामुळे. वडसा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचं गाव. थंडी पडली की गावोगावची मंडळी इथे नाटक ठरवायला येतात, आणि माझं दुकान दोन नाटक कंपन्यांच्या ऑफिसांच्या बरोबर मध्ये. त्यात बोर्ड रंगवायला दिला तो नाटकांचेच बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरला. त्याने हाताच्या सवयीने रक्त गळणारी अक्षरं काढली: 'अंतराळात पेटला वणवा! एक हिरो, हजार दुश्मन! खेळ सुरू!' खाली मिशीवाला हिरो आणि एक रडणारी बाई. ही बाई कोण, असं मी विचारलं.

"राहू द्या भाऊ," तो म्हणाला, "बाईशिवाय बोर्ड शोभत नाई."

दुसऱ्याच दिवशी सावली तालुक्यातल्या कोसमटोल्याचे देवाजीभाऊ आले. गावात शंकरपट होता, बैल पळवायचे होते आणि त्याच दिवशी खेळ हवा होता. मला वाटलं, जत्रेत जसे पाळणे लावतात तसं माझं मशीन लावायचं असेल.

"कलाकार किती हायेत?" त्यांनी विचारलं.

किड्यांना कलाकार म्हणतात म्हणजे माणूस रसिक आहे! मी म्हणालो, "एका वेळी पंचावन्न. मेले का तेवढेच पुन्हा येतेत."

देवाजीभाऊ खुर्चीत सरसावून बसले. "अन् हिरो?"

"एकच. पण त्याले तीन जीव हायेत."

"ट्रिपल रोल!" ते पुटपुटले. मग नाचगाणं आहे का, असं विचारलं. मी सांगितलं, पलटण डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे एका तालात नाचतच येते. लेडीजचं काय, असं विचारल्यावर मी म्हणालो की आपल्याकडे लेडीज-जेन्ट्स भेदभाव नाही, ज्याची इच्छा असेल त्याने यावं. ते फारच खूश झाले. निघताना हळूच म्हणाले की त्यांच्या दिव्यानीला ज्या घरचं स्थळ आलंय, ती मंडळीही खेळाला येणार आहेत. तो पाहून बोलणी पक्की व्हायची होती. पाव्हण्यांना परत जायचं म्हणून खेळ दुपारी चारलाच ठेवला होता. पोरीची सोयरीक आणि माझं मशीन यांचा संबंध काय, ते मला कळलं नाही. पण विचारलं नाही, कारण न कळणं ही मिस्त्रीला परवडणारी गोष्ट नाही.

मी आणि पुनम टेम्पोतून कोसमटोल्याला पोचलो तर समोर स्टेज! पडदे, भोंगे, शूटिंगवाल्याचा मोठा स्क्रीन आणि हजारभर माणसं बोऱ्यांवर बसलेली! पहिल्या रांगेत खुर्च्यांवर पाव्हणे, मधोमध मुलाची आई, गुणाबाई. देवाजीभाऊंनी टेम्पोच्या मागे वाकून पाहिलं.

"सामान आलं. कलाकार कुठी हायेत?"

"आतच हायेत."

"खोक्यात? पंचावन्न?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्यांच्याही. ते मटकन टेम्पोच्या फाळक्यावर बसले. हंगामात ऐनवेळी दुसरी कंपनी मिळणं शक्यच नव्हतं. मला वाटलं होतं ते शिव्या देतील. पण ते एवढंच म्हणाले, "भाऊ, पाव्हण्याईच्या पुढं माही इज्जत गेली तं पोरीचं काय सांगू?" मला फार वाईट वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग जे होतं तेच करायचं ठरलं. मशीन स्टेजवर चढवलं, शूटिंगवाल्याने कॅमेरा त्याच्या काचेवर धरला, चित्र मोठ्या स्क्रीनवर आलं, भोंग्यातून टुंग टुंग सुरू झालं. मी नाणं टाकणार, तेवढ्यात देवाजीभाऊ कानाशी आले.

"हिरो मरू नोका देजा. सोयरिकीच्या दिवशी अपशकून नोको."

आता त्यांना कसं सांगू? या खेळात जिंकणं नसतंच हो! एक पलटण संपवली की दुसरी जास्त जोरात उतरते. शेवट एकच, आपण मरायचं. प्रश्न फक्त कधी, एवढाच.

माझा पहिला जीव चाळीस सेकंदांत गेला. बोऱ्यांवरून "अरेरे" आलं. दुसऱ्या जीवाला दांडी उजवीकडे जाईना, चित्र घसरलं, मी थापा मारत सुटलो.

"तेवढं मात्र येते त्याइले," खालून पुनमचा आवाज ऐकू आला. दुसरा जीवही गेला. भोंग्यावाल्याने उत्साहाने जाहीर केलं की हिरोचा आता अखेरचा जीव शिल्लक आहे. देवाजीभाऊंनी डोळे मिटले. दिव्यानी बिचारी ओढणीचं टोक चावत उभी होती. पलटण पार डोक्यावर आली आणि माझ्या घामेजल्या हातातून दांडी सटकली.

तेवढ्यात गुणाबाई खुर्चीतून उठल्या, तरातरा स्टेजवर चढल्या आणि त्यांनी मशीनची पिन खसकन उपटली. स्क्रीन काळा झाला.

"एकच जीव राह्यला ना त्याचा?" त्या माझ्यावर डाफरल्या. "मंग काऊन लढवून राह्यले? जाऊ द्या त्याले घरी. देवाजीभाऊ, तुमची पोरगी आमच्या घरी सून म्हणून येऊन राह्यली. तिच्या सोयरिकीत मी कोणाले मरू देईन काय?"

मग जी टाळी पडली! शिट्ट्या वाजल्या, दिव्यानी लाजून आत पळाली, देवाजीभाऊ गुणाबाईंच्या पाया पडायला वाकले आणि रडूही लागले. जो तो म्हणत होता की असा शेवट अजून कुठल्याच नाटकात पाहिला नाही.

हिरोचं काम करणाऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, अशी तिथली रीत. मीही सदरा नीट करून पुढे झालो. गावाने एकमताने शाल गुणाबाईंच्या खांद्यावर घातली, आणि मला नारळ दिला. दोन्ही अर्थांनी.