जगदेव कंपाउंडरचा वाटा

गावातल्या म्हाताऱ्या रामरावांनी आठ दिवसांचं औषध एका दमात ढोसलं आणि दोन दिवस डोळेच उघडले नाहीत. तेव्हा मेडशीच्या दवाखान्यातल्या जगदेव कंपाउंडरनं ठरवून टाकलं, की यापुढे म्हाताऱ्यांना दोनच दिवसांचं औषध द्यायचं. रिकामी बाटली आणा, पुढचं घेऊन जा. (ही युक्ती त्यानं बायकोला तीनदा सांगितली. तिनं एकदाही ऐकली नाही.)

त्यातच तांड्यावरच्या सोमलाची छाती भरली. डॉक्टरांनी बजावलं, "आठ दिवस औषध पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर म्हातारा हातचा जाईल."

सोमलाची बायको रुपाबाई तीन कोस चालत यायची आणि रिकामी बाटली पुढे करायची. थेंब शिल्लक नाही! जगदेव खूश. पण आठव्या दिवशी ती म्हणाली, "बुढा तं आता उठून बी नाई राह्यला, बापू."

नवी बाटली घेऊन जगदेव तिच्याबरोबरच तांड्यावर गेला. पाहतो तर काय, तिनं हाळी दिली आणि दहा म्हातारे-म्हाताऱ्या लिंबाखाली तळहात पसरून बसल्या. शिकारीचे वाटे घालतात तसे तिनं औषधाचे वाटे घातले. उरलेला अकरावा, जेमतेम जीभ ओली होईल एवढा, सोमलाच्या खाटेकडे गेला.

"अवं माय, हे काय करून राह्यली? औषध त्याचं हाय!"

"तांड्यात आलेली चीज एकट्यानं खायची? आमी काय ढोरं हाओ?"

"अन् तो गेला म्हंजे?"

रुपाबाईचे डोळे भरले. "म्हून तं तीन कोस चालतो, बापू. पण बाकीच्यायले सोडून त्याच्या घशाखाली उतरतच नाई."

खाटेवरून सोमलानं होकारार्थी मान हलवली. जगदेव थक्क झाला. पंधरा वर्षं तो औषध वाटत होता, पण असं वाटणं त्यानं बापजन्मी पाहिलं नव्हतं. त्याला हात जोडावेसे वाटले.

त्याच दुपारी तो सायकलवर अकरा बाटल्या लादून परत आला. एकीत औषध, दहांत ओव्याचं गुळमट पाणी. "ज्याचा वाटा त्याच्या बाटलीत!" आठ दिवस दोन्ही वेळा त्यानं समोर बसून पाजलं. नवव्या दिवशी सोमला उठून बसला आणि भाकर मागू लागला. तांडा जगदेवकडे देवासारखा पाहू लागला. (त्यालाही ते पटू लागलं.)

तेवढ्यात रुपाबाईनं सोमलाच्या बाटलीतला शेवटचा घोट जगदेवच्या तळहातावर ओतला. "तुया बी वाटा ठेवला. आता तू आमचाच."

'अजिबात कडू नाही' असं पंधरा वर्षं जगाला सांगितलेलं ते औषध जगदेवनं आयुष्यात पहिल्यांदा गिळलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तोंड वाकडं झालं, आणि ते सरळ होईना.

सोमला बोळक्या तोंडानं हसला. "मंग बापू? गोड हाय ना?"