अण्णांचा पासवर्ड

गुरुलिंग बिराजदार ऊर्फ अण्णा यांनी आयुष्यात एकदाही प्राप्तिकराचं विवरणपत्र स्वतः भरलं नव्हतं, आणि तरीही ते एकाही वर्षी चुकलं नव्हतं. ते काम त्यांच्या पत्नीचं, शिवम्माबाईंचं. त्या शिक्षिका होत्या आणि शाळेत संगणक आला तेव्हा सगळ्यांच्या आधी त्याच शिकल्या होत्या. जुलै आला की एका रविवारी त्या आतल्या खोलीत बसत आणि तासाभराने हाक मारून सांगत, "झालं हो तुमचं." अण्णांचा कराशी संबंध तेवढाच.

गेल्या सप्टेंबरात चार दिवसांच्या तापाने शिवम्माबाई गेल्या.

यंदा मुदत संपायला चार दिवस उरले तेव्हा अण्णा पेन्शनचे कागद पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या बाळासोच्या ऑनलाइन सेवा केंद्रात गेले. बाळासोने पॅन नंबर टाकला आणि पासवर्ड विचारला. तो अण्णांना माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी अंदाजाने बायकोचं नाव सांगितलं. मग नातीचं, सृष्टीचं. मग सिद्धेश्वराचं. चौथ्या अंदाजाला बाळासोने हात थांबवला. आणखी चुकलं तर खातंच बंद होईल म्हणाला आणि त्याने 'पासवर्ड विसरलो' हे बटण दाबलं. आता मोबाइलवर ओटीपी येईल, तो सांगा म्हणाला.

अण्णा आपल्या फोनकडे बघत बसले. काहीच आलं नाही. बाळासोने पडद्यावरचे शेवटचे आकडे वाचले तेव्हा उलगडा झाला. नंबर शिवम्माबाईंचा होता. अण्णा फोन उचलत नाहीत म्हणून त्यांनी सगळीकडे आपलाच नंबर दिला होता. आधारलासुद्धा.

शिवम्माबाईंचा फोन कपाटात होता. पण दहा महिन्यांत त्यावर कोणी रिचार्ज मारलं नव्हतं. दुकानात चौकशी केली तर कळलं, तो नंबर केव्हाच दुसऱ्या कोणाला तरी गेलाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांनी त्या नंबरला फोन लावला. दोनदा लावून स्वतःच कापला आणि तिसऱ्यांदा लावला. पलीकडून बाईचा आवाज आला. अण्णांनी घाईघाईने नंबर बायकोचा होता, कराचं खातं अडलंय असं सांगितलं, पण ओटीपी हा शब्द येताच फोन बंद झाला. पुन्हा लावला तेव्हा बाईंनी ठणकावलं, ओटीपी मागणाऱ्याला थारा द्यायचा नाही असं लेकीनं बजावलंय. खरा माणूस असाल तर करकंबला या, तोंड दाखवा, मग बघू. केराबाईंचं घर कुणीही दाखवील.

तिसऱ्या दिवशी अण्णा सकाळची एसटी धरून, मध्ये गाडी बदलून करकंबला पोचले. गावाबाहेर शेरडांच्या गोठ्याला लागून दोन खोल्यांचं घर होतं. केराबाई पन्नाशीच्या असतील. त्यांनी आधी आधार कार्ड मागितलं. फोटो आणि माणूस असं चारदा आळीपाळीने पाहिलं. मग खाट टाकली, शेळीच्या दुधाचा चहा दिला, पण फोन काही कमरेच्या पिशवीतून बाहेर काढला नाही.

"नंबर बायकुचा व्हता म्हनता," त्या म्हणाल्या, "मग त्यास्नीच संगं आणायचं की. बाईमानूस असतं तर मी लगीच सांगितलं असतं."

अण्णांनी कप खाली ठेवला. दहा महिने त्यांना हे वाक्य बोलावं लागलं नव्हतं. सगळ्यांना मुलीनेच कळवलं होतं, आणि जे भेटायला आले ते आधीच ऐकून आले होते.

"ती नाही आता," ते म्हणाले. "सप्टेंबरात गेली."

केराबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. मग म्हणाल्या, "मी तर समद्यास्नी सांगत आलीया, बाई अंगुळीला गेल्यात म्हून."

हा नंबर मिळाल्यापासून त्यांना शिवम्माबाई आहेत का असे फोन येत होते. कोणाला नोकरी लागलेली, कोणाला मुलगी झालेली, कोणी नुसतंच आठवण आली म्हणून. सुरुवातीला त्या चुकीचा नंबर म्हणून सांगायच्या, पण लोक पुन्हा लावायचे. म्हणून त्यांनी अंघोळीचं काढलं. तेवढ्यावर लोक ऐकायचे.

"येक पुन्याची पोरगी हाय. एका दिसात तीनदा फोन केला तिनं. शेवटाला म्हनली, मावशी, बाई किती अंगुळ करत्यात वो."

अण्णांना हसू आलं. सप्टेंबरनंतरचं ते पहिलंच हसू. ते थांबेना. मग त्यांनी खांद्यावरचा पंचा तोंडावर धरला आणि बराच वेळ धरूनच ठेवला. केराबाई उठून शेरडांना पाला टाकायला गेल्या.

परत आल्यावर त्यांनी आपण होऊन फोन काढला. अण्णांनी सोलापूरला बाळासोला फोन लावला, बाळासोने तिकडे बटण दाबलं, आणि केराबाईंनी एकेका आकड्यावर बोट ठेवत ओटीपी वाचला. नवा पासवर्ड पडला. बाळासो खात्यात शिरणार, तेवढ्यात तो मध्येच थांबला.

"काका, इथं तुमचा संदेश दिसतोय. खातं तुमचंच आहे हे ओळखायला काकूंनी ठेवलेला असणार. हाच आहे ना, अशी खूण करायचीय."

"काय लिहिलंय?"

बाळासोला ते वाचायला जड गेलं. "मराठीच आहे, इंग्रजी अक्षरांत. 'कॅलेंडरमागे बघा.'" मग तो ओशाळून म्हणाला, "परवा घाईत मी हे वाचलंच नाही काका. पासवर्डसाठी तुम्हाला एवढं लांब जायची गरजच नव्हती."

"असू दे," अण्णा म्हणाले. "इथं यायचं होतंच."

विवरणपत्र भरून झालं. ते पक्कं करायला आणखी एक ओटीपी आला, तोही केराबाईंनी वाचला. निघताना त्यांनी विचारलं, आता कोणाचा फोन आला तर काय सांगायचं. अण्णांनी एका कागदावर आपला नंबर लिहून दिला आणि सांगितलं, हा द्या. मी बोलेन.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर अण्णांनी जानेवारीत जुन्याच्या वरच टांगलं होतं. जुनं काढवलं नव्हतं. त्यांनी दोन्ही खिळ्यावरून उतरवली. जुन्याच्या पाठीवर शिवम्माबाईंच्या वळणदार अक्षरात 'ह्यांचा पासवर्ड' असं लिहिलं होतं आणि खाली एक रेघ मारली होती.

त्रेचाळीस वर्षांच्या संसारात शिवम्माबाईंनी नवऱ्याला नावाने कधी हाक मारली नव्हती. लग्नातल्या उखाण्यात नाव घेतलं तेवढंच. फॉर्मवर लिहायची वेळ आली तरी त्या कागद अण्णांकडे सरकवायच्या.

रेघेखाली इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, गुरुलिंग, आणि पुढे लग्नाचं साल.