हलका नकाशा

विकासाचा मार्ग नकाशातून जातो, आणि नकाशा उघडायला वेळ लागला की विकास चहाला जातो.

जळगावच्या एका कचेरीतल्या नकाशा कक्षात जिल्ह्याची फाइल सकाळी उघडायला घेतली की जेवणाच्या सुट्टीनंतर उघडे. केलेल्या दुरुस्त्या जतन होईस्तोवर संध्याकाळ. घाई एकट्या सारिकाला होती. पाळणाघराची व्हॅन तिच्या लेकीला, पुनमला, जवळच्या असोद्यात घराच्या दारापाशी सोडायची, तेव्हा दारात आई नसायची. शेजारच्या अक्का असायच्या. पुनम हल्ली अक्कांनाच आई म्हणू लागली होती.

म्हणून योगेंद्र साहेबांनी ‘नकाशा गतिमान करा’ असा आदेश काढताच सारिकाने पदर खोचला. आधी झाडं काढली (झाडं तक्रार करत नाहीत). मग विहिरी (निम्म्या कोरड्याच). मग रस्त्यांची वळणं सरळ केली. त्यामुळे एरंडोल बरंच जवळ आलं (प्रवाशांना अद्याप कळवलेलं नाही). तरी फाइल जडच. शेवटी साहेबांच्या संमतीने आखूड गल्ल्या एकगठ्ठा पुसल्या, आणि नकाशा चहा निवायच्या आत उघडला! वेग आठशे टक्के वाढला. साहेबांचा सत्कार झाला (सारिकाला हाराची पिशवी धरायला मिळाली).

त्या दिवशी ती दिवसाउजेडी घरी पोचली, दारात उभी राहिली. व्हॅन काही येईना. फोन आला, व्हॅनवाल्या चिंधाभाऊंचा.

“सारिकाताई, नकाशामा तुमनी गल्लीच नही शे!”

“अहो भाऊ, रोज येता ना तुम्ही?”

“माले घर ठाऊक शे वं बहीन. पन नवा नियम शे, नकाशामा नही तठे गाडी वळावनी नही.”

सारिका धावत हमरस्त्याला गेली. पुनम दप्तरावर बसली होती.

“आपलं घर पुसलं?”

“नाही गं. थोडं हलकं केलं.”

दुसऱ्या दिवशी ती तक्रार नोंदवायला बसली. तक्रारीसाठी नकाशातल्या आपल्या घरावर बोट ठेवावं लागतं. ठेवणार कुठं? अशा रीतीने तक्रारी शून्यावर आल्या, आणि नागरिक पूर्ण समाधानी असल्याचं कक्षाने वर कळवलं.

सारिका आता रोज हमरस्त्यावर व्हॅनची वाट बघते, आणि नसलेल्या गल्लीतून पुनमला कडेवर घरी आणते. पुनम तिला पुन्हा आई म्हणते. तेवढी एक दुरुस्ती जतन झाली.

तुमच्या फोनवरही नकाशा हल्ली कसा झटकन उघडतो, नाही? त्यात आपलं घर शोधून पाहिलंत कधी?