नीट बंद केलेला कॉम्प्युटर

कशिशच्या भावानं, म्हणजे अजहरनं, कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर बसवला ती १९९९ सालची दिवाळीची सुट्टी होती. मिरजेत खाली अब्बांचं तंबोऱ्यांचं दुकान आणि वर माडीवर अजहरचा नवा कोरा कॉम्प्युटर क्लास. नवा म्हणजे इतका नवा की तो अजून सुरूच व्हायचा होता. बारा पोरांनी नावं घातली होती आणि कॉम्प्युटर होता एक. त्यातच कुपवाडच्या ज्या कारखान्यात अजहर नोकरी करायचा, तिथलं कामही होतं. शिकाऊ पोरं पहिल्या दिवशी काय करतात? दिसेल ते पुसतात. म्हणून ही युक्ती.

"म्हणजे नक्की काय केलंस रे भाई?" कशिशनं विचारलं.

"एका खोलीत पडदा लावून दोन बिऱ्हाडं राहतात की नाही? तसं. पडद्याच्या अलीकडं माझं काम, पलीकडं पोरांचा धिंगाणा. त्यांना वाटणार, अख्खा कॉम्प्युटर आपलाच आहे. खरं तर तो कॉम्प्युटर नाहीच. नुसता भास आहे."

"भास कसा? बटण दाबलं की अक्षर तर उमटतंय!"

"उमटणारच. भासातच उमटतंय ते. हे सॉफ्टवेअर ह्याच वर्षी निघालंय, बाई. पुण्यात लोक एका मशीनवर तीन-तीन चालवायला लागलेत. मिरजेत आपण पहिले!"

कशिश नववीत होती. शाळेत कॉम्प्युटरचा तास नुकताच सुरू झाला होता आणि त्या तासाची मॉनिटर तीच होती. त्यामुळे आपल्याला जगातलं बरंचसं कळतं, आणि उरलेलं मार्चपर्यंत कळेल, असं तिचं मत होतं. सुट्टीत क्लास रिकामाच, म्हणून अजहरनं तिला पलीकडचा कॉम्प्युटर वापरायची परवानगी दिली. अटी दोन. "पडद्याच्या अलीकडं यायचं नाही. आणि उठताना बंद करत बसू नको. हे बटण दाबून नुसता झोपव. परत चालू व्हायला लय वेळ खातो तो."

तिसरी गोष्ट त्यानं सांगितलीच नाही. पोरांनी कितीही वाट लावली तरी पलीकडचा कॉम्प्युटर बंद केला की सगळं विसरायचा आणि चालू केला की पुन्हा पहिल्या दिवसासारखा कोरा व्हायचा. अजहरनं तो मुद्दामच तसा लावला होता. त्याचा त्याला इतका अभिमान होता की उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांसमोर दाखवायचं म्हणून त्यानं ते राखून ठेवलं होतं. आणि बहीण करून करून काय करणार? पत्ते खेळेल, फार तर झोपडी-डोंगर-सूर्य काढेल.

पण कशिशनं काढल्या वह्या.

त्या दादाजींच्या काळापासूनच्या. वह्या म्हणायच्या इतकंच, शिवण केव्हाच उसवलेली, सुटी पानं तंबोऱ्याच्या जुन्या तारेनं बांधून ठेवलेली. दुकानातून गेलेल्या प्रत्येक तंबोऱ्याची त्यात नोंद होती. भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, गाणाऱ्याचा सूर. आणि त्याखाली दादाजींचा बारीक अक्षरातला शेरा. चार वर्षं झाली, अब्बांना ते अक्षर दिसत नव्हतं. आता दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती, महिनाभर खाली दुकानातल्या भुश्शात जायची बंदी होती, आणि महिन्यानं नवा चष्मा येणार होता. तोवर सगळ्या वह्या कॉम्प्युटरमध्ये घालायच्या आणि ताटाएवढ्या अक्षरात अब्बांना दाखवायच्या, असा कशिशचा बेत. कुणाला सांगायचं नाही. अजहरला तर नाहीच.

पहिल्या दिवशी ती प्रत्येक पान वाचून हसली. 'आष्ट्याचे मास्तर. काळी दोन. सकाळी आवाज बसतो, ऐकायला दुपारी जावे.' 'मिरजेच्या डॉक्टरीणबाई. पांढरी पाच. यजमान सोबत आल्यास बेसूर गातात. यजमानांस बाहेर बसवावे.' दुसऱ्या दिवशी मात्र तिला वेगाचा नाद लागला. हसत बसलं की मिनिटाला नऊच शब्द व्हायचे. न हसता, न वाचता, डोळ्यांतून थेट बोटांत उतरवलं की सोळा. तिसऱ्या आठवड्यात ती सव्वीसवर गेली, आणि दोनशे चौदावं पान संपलं तेव्हा तिनं स्वतःसाठीच टाळ्या वाजवल्या.

आता प्रश्न पानांचा. खाली हरिबाकाका खोक्यात तंबोरे भरत होते. अब्बांकडं तीस वर्षं सुतारकाम करणारे हरिबाकाका भोपळ्याभोवती पेंढा आणि खुंट्यांभोवती कागद कोंबायचे.

"घ्या काका, भरपूर कागद!" कशिशनं गठ्ठा पुढं केला.

हरिबाकाकांनी वरचं पान उलटंपालटं करून पाहिलं. "आवं ताई, ह्येच्यावर थोरल्या मालकांचं अक्षर हाय की."

"होतं. आता ते सगळं आत गेलंय."

"आत म्हंजी?"

"कॉम्प्युटरच्या आत कॉम्प्युटर आहे ना, त्याच्या आत."

हरिबाकाकांनी माडीकडं पाहिलं, पानाकडं पाहिलं. "मालकांस्नी इचारलंसा?"

"त्यांना सरप्राइज द्यायचंय. तुम्ही बोलायचं नाही हं!"

"मी कशाला बोलतूय," हरिबाकाका म्हणाले. त्यांनी पान मात्र चुरगळलं नाही. नीट घडी करून खोक्यात ठेवलं. त्या आठवड्यात तीन खोकी गेली. एक साताऱ्याच्या गायनशाळेला, एक आष्ट्याला, एक बेळगावला.

अब्बांचा चष्मा शनिवारी आला. रविवारी साताऱ्याच्या गाणाऱ्या भामाबाई येणार होत्या आणि सोमवारी क्लासचं उद्घाटन. शनिवारी दुपारी कशिशनं माडी झाडली, कॉम्प्युटरची काच पुसली आणि कमरेवर हात ठेवून एकवार सगळं पाहिलं. उद्या अब्बा बघायला येणार आणि कॉम्प्युटर असा झोपलेला? बरं दिसतं का ते? शाळेत ती स्वतःच पोरींना दरडावायची, 'तसाच सोडून पळू नका, नीट बंद करा.' तिनं पलीकडचा कॉम्प्युटर जागा केला, सगळं लिहिलेलं साठवलंय याची दोनदा खात्री केली आणि पुस्तकात दिलंय तसं पायरी-पायरीनं त्याला बंद केलं. अगदी नीट. मग वरून भरतकामाचं कापडसुद्धा घातलं.

भामाबाई रविवारी सकाळच्या एसटीनं आल्या. पासष्टीच्या, उंच, कपाळभर हिरवं गोंदण. साताऱ्याकडच्या गावागावांत त्यांची गायनपार्टी चाळीस वर्षं बाबासाहेबांची गाणी गात हिंडली होती. मांडीवर मोडलेल्या तंबोऱ्याची दांडी घेऊन त्या बसल्या.

"एसटीच्या टपावरनं पडला बगा. भोपळ्याचं पार तुकडं झालं. रहिमानभाई, तुमच्या वडलांनी दिलता मला अडुसष्ट साली. मला त्योच सूर पायजे. डिसेंबरात सहा तारखेला गायचं हाय. दुसऱ्या तंबोऱ्यासंगं माजा गळा लागत न्हाई."

"होतंय की," अब्बा म्हणाले. "बापाची वही आहे माझ्याकडं. आणि आता डोळेही आहेत! चार वर्षांत त्यांचं अक्षर बघितलं नाही मी. कशिश, वही काढ बेटा."

कशिश याच क्षणासाठी तीन आठवडे जगली होती. "वही कशाला, अब्बा? वर चला!"

सगळे वर गेले. भामाबाई, अब्बा, हातातला रंधा तसाच घेऊन हरिबाकाका. कशिशनं कापड उचललं. पलीकडचा कॉम्प्युटर सावकाश जागा झाला. निळं आभाळ आलं. त्यावर एक कचऱ्याचा डबा आला. आणि बाकी काहीच आलं नाही.

"छान हाय," भामाबाई म्हणाल्या. "आबाळ हाय व्हय?"

"थांबा हं." कशिशनं इकडं शोधलं, तिकडं शोधलं, कचऱ्याच्या डब्यात शोधलं. "थांबा. असेल. आत कुठंतरी असेल."

"ताई, आतल्या आत आनि एकांदा नसंल ना?" हरिबाकाकांनी हळूच विचारलं.

ती खाली धावली. दुकानाच्या फोनवरून तिनं कुपवाडला फोन लावला. रविवार असूनही अजहर कामावर होता.

"भाई, सगळं गेलं!"

"काय गेलं? पलीकडचं? अगं, जाणारच. बंद केलास का?"

"नीट बंद केला! स्टार्टवर जाऊन, पुस्तकात दिलंय तसा!"

"नीटच तर बंद करायचा नव्हता ना! झोपव म्हटलं होतं मी. बंद केला की तो विसरतो. उद्या तीच तर गंमत दाखवणार होतो पोरांना." मग त्याचा आवाज उतरला. "काय होतं गं त्यात?"

ती फोन ठेवून मागं वळली, तर अब्बा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे. नव्या चष्म्यातून त्यांचे डोळे फार मोठे दिसत होते.

"पानं कुठायत, बेटा?"

"खोक्यात," ती म्हणाली. "खुंट्यांभोवती."

अब्बा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते बाकावर बसले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पुन्हा काढून खिशात ठेवला. आता त्याचं काही काम नसल्यासारखा.

"मी सांगायला पायजे हुतं, मालक," हरिबाकाका म्हणाले. "शपत घातलीवती पोरीनं."

"शपथ नव्हती घातली," कशिश रडत रडत म्हणाली. "नुसतं सांगू नका म्हटलं होतं."

भामाबाईंनी तिला जवळ ओढलं. "रडू नगं. यंत्र इसरलं तर इसरलं. तू सगळं लिव्हलंस न्हवं? माजं काय लिव्हलं हुतं त्येवडं आठव, म्हंजी झालं."

कशिशनं डोळे घट्ट मिटले. सातारा. भामाबाई. ते पान तिच्याच बोटांखालून गेलं होतं, अक्षर न् अक्षर. तिला आठवला तो फक्त आकडा. मिनिटाला सव्वीस.

"मी वाचलंच नाही," ती म्हणाली. "मी नुसतं टाइप केलं."

अब्बा उठले, त्यांनी कोपऱ्यातला एक तयार तंबोरा घेतला आणि भामाबाईंच्या समोर बसले. "गा बाई. काहीही गा."

भामाबाई गायल्या. अब्बा डोळे मिटून तारा उतरवत गेले, तारांखालच्या घोडीवर कानस फिरवत गेले, दोऱ्याचा तुकडा सरकवत गेले. तास गेला. एकदम तारा आणि गळा एकमेकांत असे मिसळले की हरिबाकाकांचा रंधा थांबला.

"ह्योच!" भामाबाई म्हणाल्या. "ह्योच त्यो सूर."

"तो नाही, बाई," अब्बा म्हणाले. "तुमची ही दांडी आखूड आहे, म्हणजे तो ह्याच्याहून वरचा होता. पण तुमचाही गळा तेवढाच उतरलाय."

भामाबाई खो खो हसल्या. "म्हंजी म्हातारी झाले म्हना की सरळ!"

कशिशनं त्याच दुपारी तिन्ही गावांना पत्रं लिहिली. हातानं. बेळगावहून उत्तर आलं, की कागदांचा चांगला उपयोग झाला, बंब लवकर पेटला. आष्ट्याहून चिडकं पत्र आलं. तिथल्या गृहस्थांनी वरचं पान सूचना समजून भिंतीला चिकटवलं होतं आणि हुकमाप्रमाणे सकाळचा रियाज सोडून दुपारी गात होते. वामकुक्षी मोडल्यामुळं शेजारी भांडायला येत होते, आणि ह्या सूचना नक्की किती दिवस पाळायच्या, हे दुकानानं त्वरित कळवायचं होतं. साताऱ्याच्या गायनशाळेत मात्र भामाबाई स्वतः गेल्या, पेंढ्यात बसून घड्या शोधल्या आणि गठ्ठा एसटी कंडक्टरच्या हाती धाडला. दोनशे चौदांतली त्र्याहत्तर पानं परत आली.

सगळ्यात वर भामाबाईंचंच पान होतं. अब्बांनी चष्मा लावला आणि खूप हळूहळू वाचलं, घोट घोट चहा प्यावा तसं. 'भामाबाई, सातारा. सूर, घेर, लांबी लिहीत नाही. असा गळा विसरणे शक्य नाही.'

"बघा!" कशिश एकदम फुलली. "म्हणजे वही असती तरी उपयोग नव्हताच!"

अब्बा पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचत होते. दादाजींना जाऊन बावीस वर्षं झाली होती आणि जे विसरणं शक्य नव्हतं, ते त्यांच्याबरोबरच गेलं होतं. कशिशचं फुललेलं तोंड आपोआप मिटलं. उरलेल्या एकशे एक्केचाळीस पानांवर काय होतं, हे आता तिला कधीच कळणार नव्हतं. आणि ती तर त्या सगळ्या पानांच्या समोर बसली होती, तीन आठवडे, रोज.

तिनं नवी वही उघडली. 'भामाबाई, सातारा. डिसेंबर १९९९.'

"मापं काय लिहू, अब्बा? का दादाजींसारखंच लिहू, लक्षात आहे म्हणून?"

"नको," अब्बा म्हणाले. "सगळं लिही. घेर, लांबी, सूर, सगळं. हसल्या कशा तेही लिही."

तिनं लिहिलं. मिनिटाला चार शब्द. मग वही नीट बंद केली.

आणि लगेच पुन्हा उघडून पाहिली. होतं.