कोंडोजी भटाऱ्याने खारीचे कातरण राखिले त्याची हकीकत

श्रीअग्निनारायण प्रसन्न, लोणी साह्य असो. शके सतराशे एकवीस, खुसखुशीतनाम संवत्सरे, भाद्रपद वद्य चतुर्थीस जे वर्तमान जाहले ते लिहिले असे. राज्याचे नाव पुसो नये. त्या राज्यी महाराज अंगाने गोल, आणि गोलावरी त्यांची भक्ती फार. कोपऱ्याचा पदार्थ पानी आला की रुष्ट होऊन म्हणत, "आम्हांस टोचते." मग लोण्याच्या घड्यांचे पीठ लाटावे, आणि वाटीने गोल चकत्या पाडून खारी भाजावी, आणि उरले कातरण ओढ्यात टाकावे, ऐसी वहिवाट पडली. हे काम कोंडोजी भटारी करी. तीस वर्षे चकत्या पाडिल्या, परंतु एक जिभेस लाविली नाही, कारण तो राजभोग. मनी मात्र वासना फार. पुढे कातरण खाऊन ओढ्यातील मासे ऐसे माजले की धुण्यास आलेल्या बायकांवर गुरकावू लागले. तेव्हा हुकूम सुटला जे, कातरणाचा तुकडा वाया जाईल तर सूर्यास्ती भटाऱ्याचा कडेलोट. आणि दिवाण तिमाजीपंत जातीने भट्टीवर येऊन वदले, "सोपे आहे. रयत एकजीव करितो, तैसे कातरण मळून एकजीव करावे."

कोंडोजी बोलिला, "पंत, मळू नये जी. पदर मोडतात. तुकडे एकावर एक रचावे, गार करावे, मग लाटावे."

"तू आम्हांस राज्य शिकवितोस?"

"नाही जी, खारी."

मग पंतांनी अस्तन्या सारून अर्धे कातरण स्वहस्ते मळिले, आणि भाजून काढिले, आणि चावा घेताच दाढ रणी पडली. तोफखान्याचे सरदार तो गोळा हाती तोलून "झकास आहे" म्हणोन घेऊन गेले. पंत गाल धरून म्हणाले, "वाया गेले! कडेलोट!"

कोंडोजी भट्टी विझवावयास निघाला. त्याची बायको साळूबाई म्हणाली, "अहो, मरायचंच तर उपाशी कशाला? आणा ते उरलेले तुकडे." मग दोघांनी तुकडे रचिले, आणि लाटिले, आणि काहींस ओवा-जिरे लावून पीळ दिला, आणि काहींत गूळखोबरे भरिले, आणि अगदी बारीक ते साखरेत घोळिले. भट्टीतून वास सुटला तो थेट दरबारी गेला, आणि मागोमाग महाराजांची स्वारी आली.

कोंडोजी परात पुढे करून म्हणाला, "महाराज, कोपरे आहेत."

महाराजांनी डोळे मिटून एक खाल्ला, मग सतरा खाल्ले, मग म्हणाले, "टोचत नाही. कडेलोट रद्द. आजपासोन पानी कातरणच वाढावे!"

पंतांनी शंका काढिली जे, चकती पाडल्यावाचून कातरण निघणार कैसे? मग ठरले की चकत्या पूर्ववत पाडाव्या, आणि टाकून द्याव्या. परंतु टाकिल्यास मासे माजतील! दरबारास घाम फुटला. तो कोंडोजी हात जोडून म्हणाला, "चकत्यांचे आम्ही पाहतो."

मग भट्टीच्या पायरीवर बसोन त्याने तीस वर्षांची वासना भाजून हाती घेतली आणि चाविली.

साळूबाईने पुसिले, "कशी आहे हो?"

कोंडोजीने घास गिळिला. मग म्हणाला, "बरी आहे. कातरणाची सर नाही."

एवंच पंतांची दाढ गेली, माशांचा माज उतरला, भटाऱ्याचा जीव वाचला, आणि राजभोगाचे गुपित फुटले. भट्टी जळती असो.