एकशे बारा बॉबिनींचं जहाज

"अक्का, एखादं जुनं लुगडं द्या. खालच्या डेकवर चाळीस माणसं उघडी झोपलीत!"

सकाळी दार उघडलं तर समोर जिभाऊ. पांडेसऱ्याच्या कामगार वस्तीतल्या आमच्या चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत एकटेच राहायचे आणि लूमच्या कारखान्यात दिवसपाळी करायचे. मी म्हटलं, "जिभाऊ, तुम्हनं डोकं फिरनं का? कुठला डेक?" तर म्हणाले, "या तर खरं!"

गेले. त्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही! साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे चिकटवून दोन मजली जहाज केलेलं, आणि आत ओळीनं झोपवलेल्या सुताच्या रिकाम्या लाकडी बॉबिनी. प्रत्येकीला चिंधी गुंडाळलेली, काजळानं डोळे काढलेले. एकट्या बाया एका कप्प्यात, एकटे बापे दुसऱ्यात, लेकुरवाळी मधे. सगळी मिळून एकशे बारा. मी मुकाट्यानं घरी येऊन लुगडं फाडलं.

त्याचं असं झालं होतं. रद्दीवाल्याकडून त्यांना एक कव्हर फाटलेलं इंग्रजी पुस्तक मिळालं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडची गरीब माणसं करारावर मॉरिशसला जायची, उसाच्या मळ्यांत राबायला. त्यांच्या जहाजावर देखरेखीला एक डॉक्टर असायचा. कोण कुठं झोपतं, पाणी पुरतं का, भात कच्चा तर नाही, ताप कुणाला आहे, सगळं त्यानं बघायचं. अशाच एका डॉक्टरची ती रोजनिशी. जिभाऊ सातवी शिकलेले. डिक्शनरी मांडीवर घेऊन रोज एक पान लावायचे, पुढचं पान उघडून बघायचे नाहीत. आणि त्या पानात जे घडलं, ते त्या दिवशी आमच्या चाळीत घडायचं!

पुस्तकात सहाला सगळ्यांना उन्हात आणायचं म्हटलेलं, की इकडे एकशे बारा बॉबिनी गॅलरीच्या कठड्यावर. तेवढीच अंथरुणं दोरीवर, हाताच्या पंजाएवढी. कामावर जाताना मला बजावून जायचे, "अक्का, वारा सुटला तर लेकुरवाळ्यांना आधी आत घ्या."

पुस्तकात फरशी पाण्यानं धुवायची नाही, ओल राहिली की ताप येतो, कोरड्या वाळूनं घासायची. झालं! समोरच्या शांताबेननी गॅलरीत बादली ओतली आणि जिभाऊ किंचाळले, "बेन! माणसं मरतील!"

"अरे पण जिभाऊ, आ तो मारो ओटलो छे!"

"ओटला नाही बेन, हा डेक आहे."

पुढं आठ दिवस शांताबेन वाळूनं ओटा घासत होत्या. बिचाऱ्या.

रामराम घालायचं तर त्यांनी सोडूनच दिलं होतं. कुणीही भेटलं की, "जीभ दाखवा." दूधवाल्याला जीभ दाखवा, वीजमीटर बघायला आलेल्या माणसाला जीभ दाखवा. तोही दाखवून गेला! त्यांचं एकच पालुपद, "चढले तेवढे उतरले पाहिजेत. एक जरी कमी उतरला, तर डॉक्टर कसला?"

एकदा मी चिडवलं, "एवढी काळजी त्या लाकडांची?" तर म्हणाले, "अक्का, आपण गाव सोडून उधन्याच्या स्टेशनात गाडीतून उतरलो, तेव्हा आपल्याला मोजलं होतं का कुणी?"

संध्याकाळी ते गॅलरीत उभं राहून पान वाचायचे. आधी खणखणीत इंग्रजी, मग आपल्या बोलीत. चाळीत तेव्हा रंगीत टीव्ही एकच होता, पण त्या वेळेला तोही बंद! पुस्तकात वारा पडून जहाज अडलं, की इकडे आमचा जीव टांगणीला. पिंपात किडे निघाले, तेव्हा आम्ही बायांनी सांगायच्या आधीच पाणी गाळायची फडकी शिवली. एका बाईला जहाजावरच मुलगा झाला, त्या दिवशी शांताबेननी शिरा वाटला, आणि जिभाऊंनी एकशे तेरावी बॉबीन आणली, बोटभर.

मग एकतिसावं पान आलं. दोन वर्षांच्या एका पोरीला ताप. डॉक्टर तिच्या उशाशी बसून होता.

दोन वर्षांची म्हणावी अशी बॉबीन जहाजात एकच होती, पिवळ्या चिंधीतली. जिभाऊंनी तिला वेगळ्या खोक्यात ठेवलं आणि कामाला गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मुकादमाला निरोप धाडला, घरात आजारी आहे. मी थक्क! हा माणूस कधी खाडा करायचा नाही. स्वतःची पोरगी तापानं फणफणली होती, तेव्हाही त्यांना रजा मिळाली नव्हती, एवढं मला ठाऊक होतं. त्यापुढचं ते कधी बोलले नाहीत, मी विचारलं नाही.

पुस्तकातल्या डॉक्टरनं साबुदाण्याची पेज दिली होती, म्हणून मीही वाटीभर करून नेली आणि खोक्याशी ठेवली. ठेवल्यावर माझं मलाच हसू आलं. "जिभाऊ, आता ही तुम्हीच प्या. दोन दिवस पोटात काही नाही तुमच्या."

तिसऱ्या संध्याकाळी चाळ गॅलरीत दाटली. जिभाऊ पुस्तक घेऊन आले. इंग्रजी वाचलंच नाही. नुसतं पानाकडे बघत राहिले. शांताबेन म्हणाल्या, "बोलो ने, भाई!"

"बरी व्हई गयी," जिभाऊ म्हणाले. मग मोठ्यानं, "पोरगी बरी व्हई गयी! उठून बसली! भात मागते!"

काय तो गलका! कुणी गूळ वाटला, कुणी थाळी वाजवली. मी तर डोळे पुसले, खोटं कशाला सांगू.

पुढं जहाज मॉरिशसला लागलं. जिभाऊंनी एकेकाला हातानं उतरवलं आणि आम्ही सगळ्यांनी मोजलं. एकशे तेरा!

त्या दिवाळीत माझा भाचा धुळ्याहून आला, कॉलेजात इंग्रजी शिकवतो. जिभाऊ कामावर होते, मी त्यांच्या खोलीत झाडू मारत होते. भाच्यानं खिडकीतलं पुस्तक उचललं आणि चाळायला लागला. प्रत्येक पानावर अवघड शब्दांच्या डोक्यावर जिभाऊंनी पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिलेले. एका पानावर तो थांबला.

"मावशी, हे काय? ही ओळ तर किती सोपी आहे. मुलगी पहाटे वारली, समुद्रात सोडली."

मी पुस्तक हातात घेतलं. इंग्रजी मला येत नाही, पण त्या ओळीशेजारचं मराठी वाचता आलं. पेन्सिल दाबून दाबून लिहिलेलं, 'अर्थ लागला नाही.'

पुस्तक मिटून मी खिडकीत होतं तसं ठेवलं.

"तुन्हं इंग्रजी कच्चं शे," मी म्हटलं.

"अगं मावशी, मी कॉलेजात शिकवतो!"

"शिकवत असशील. त्या पानात पोरगी बरी झालीये. आम्ही सगळ्यांनी ऐकलंय."